शिळ्या फुलांचा स्वस्त बाजार

घाऊक घेतले म्हणजे स्वस्त पडते, हे व्यवहारातले अर्धसत्य आहे. तांदळाला ते लागू पडते. जुना तांदूळ तर नव्याहून चढ्या भावाने विकला जातो. गुळाला, चिंचेला, मिठालाही ते बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु हेच सूत्र डोळे मिटून हॉप्सला लावणारी एक जमात अमेरिकेत आणि इंग्लंडात हौसेने घरी बिअर करते, आणि त्या जमातीच्या भोळेपणावर पोसलेला एक व्यापार तिच्याभोवती उभा आहे. माझे भांडण दोघांशीही आहे, व्यापाऱ्याशी अधिक.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून घरी बिअर करता येत नाही. म्हणून विषयाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. इंग्लंडात घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त झाली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. या बिअरला कडवटपणा आणि सुगंध देतात ती हॉप्स. भांगेच्या कुळातल्या, पण भांगेची नशा नसलेल्या एका वेलीची ही मादी-फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट भुकटी असते. तिचे नाव लुप्युलिन. फुलाची सारी किंमत या भुकटीत. जवाच्या गोड काढ्यात ती उकळली की तिच्यातली आल्फा आम्ले कडवटपणा देतात. उकळी संपताना टाकली की तिच्यातली तेले वास देतात.

आता ही भुकटी टिकते किती? उष्णता, उजेड आणि हवा हे तिचे तीन वैरी. कॅस्केड नावाचे अमेरिकेतले लोकप्रिय वाण नुसते घरातल्या वीस अंशांच्या उबेत सहा महिने ठेवले तर त्याची सुमारे निम्मी आल्फा आम्ले नाहीशी होतात. गॅलेनासारखे वाण त्या मानाने चिवट. तेले तर त्याहून आधी उडतात, आणि पुरते शिळे झालेले हॉप्स जुनाट चीजसारखे वास मारू लागते. तेव्हा ही वस्तू तांदळाच्या पंक्तीतली नव्हे. केशर-वेलचीच्या पंक्तीतली आहे.

असे असता दुकानात जी पुडी मिळते तिच्यावर काय छापलेले असते? वाणाचे नाव, वजन आणि आल्फा आम्लाचा आकडा. कित्येक पुड्यांवर पिकाचे वर्ष मात्र नसते. आकडा दशांशापर्यंत अचूक. पण तो सुगीच्या वेळचा की आजचा, हे कोण सांगणार? जन्मवेळ न लिहिता ग्रह मांडलेल्या पत्रिकेइतकाच या आकड्याचा उपयोग. वर्ष छापणे अवघड आहे असेही नाही. हॉप्सच्या व्यापारातली लबाडी थांबवण्यासाठी इंग्लंडने १८६६ साली कायदा केला आणि हॉप्सच्या पोत्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव व पिकाचे वर्ष घालणे सक्तीचे केले. जे केंटमधल्या शेतकऱ्याला शाईने आणि साच्याने जमत होते, ते आजच्या छापखान्यांना जमू नये?

यावर गिऱ्हाईकच व्यापाऱ्याची वकिली करते. ते म्हणते, ‘आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो, काही बिघडत नाही.’ फ्रीझर थंडी देतो. हवा काढून घेत नाही. साधी प्लॅस्टिकची पिशवी कितीही घट्ट बांधली तरी तिच्यातून हवा झिरपते. शिवाय हिशेब पाहा. घरी एका वेळी साधारण १९ लिटर बिअर होते आणि तिला मध्यम कडवटपणासाठी ५०-६० ग्रॅम हॉप्स पुरतात. म्हणजे ४५४ ग्रॅमची एक पौंडाची पिशवी आठ वेळा उघडणार. महिन्याला एकदा बिअर केली तरी आठ महिने. प्रत्येक उघडणीबरोबर आत नवी हवा. शेवटच्या बिअरला उरते ते फूल नव्हे, फुलाचे टरफल. मग वाचलेले पैसे कोठे गेले?

दुसरा वकील अधिक व्यासंगी असतो. तो बेल्जमच्या लँबिक बिअरचा दाखला देतो. तिच्यात वर्षानुवर्षे जुने केलेले हॉप्स घालतात. खरे आहे. परंतु त्या कारागिरांना कडवटपणा आणि सुगंध नकोच असतो. जंतूंना आवर घालण्याचा हॉप्सचा गुण तेवढा हवा असतो. ते हॉप्स जाणूनबुजून जुने करतात आणि जुने म्हणूनच वापरतात. नव्याच्या नावाखाली जुने विकणाऱ्याने त्यांच्या आड लपू नये.

तर मग घाऊक खरेदी सोडूनच द्यावी, असे म्हणणारा सोवळा पक्षही आहे. तो मला मान्य नाही. औंसाची पुडी वजनाच्या हिशेबाने कितीतरी महाग पडते, आणि ती दुकानाच्या उबदार फळीवर किती दिवस लोंबत होती हे देवच जाणे. शीतगृहातून आलेली, चंदेरी अस्तराच्या निर्वात पिशवीतली पाच किलोंची पेटी कित्येकदा त्या पुडीहून ताजी असते. दोष घाऊकपणात नाही. एकट्याने साठा करण्यात आहे. उत्तर गोलार्धातली सुगी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातली फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. सुगीनंतर, वर्ष विचारून, पाच-सहा घरांनी मिळून पेटी घ्यावी; त्याच दिवशी एकेका बिअरपुरते वाटे करून हवा काढून बंद करावे आणि गोठवावे. मग ज्या दिवशी बिअर, त्या दिवशी एक वाटा फोडायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

वाटून घेण्याची ही रीत त्या व्यवसायाला परकी नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये याकिमा येथे गोदाम जळून अमेरिकेच्या पिकाचा सुमारे चार टक्के भाग खाक झाला. पुढे टंचाई आली आणि भाव कडाडले. ज्याच्याकडे पेटी होती तो तिच्यावर बसून राहू शकला असता. पण २००८ साली बोस्टन बिअर कंपनीने आपल्या साठ्यातले २०,००० पौंड हॉप्स लहान उत्पादकांना खरेदीच्या भावात दिले. आज चक्र उलटे फिरले आहे. गोदामे भरली म्हणून २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हॉप्सखालची जमीन कमी केली. गोदामे भरलेली असताना जुना माल गिऱ्हाईक शोधत फिरणारच. आणि ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, फक्त नाक आहे, तो हौशी माणूस त्याला सर्वांत सोयीचा. त्याने जुना माल स्वस्त म्हणून उचलला की नव्या सुगीचे गिऱ्हाईक कमी होते, आणि वेल उपटण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.

आपल्या घरांतली वर्षाची बेगमी म्हणजे नुसते कोठार भरणे कधीच नव्हते. कोणती मिरची कोणत्या महिन्यात घ्यायची, ती किती वाळवायची, कोणत्या बरणीचे तोंड कशाने बांधायचे, ओला चमचा कोणी घालायचा नाही, हे सारे तिच्यात येते. हौशी बिअरवाल्यांनी एवढे एक जरी ध्यानात घेतले तरी पुरे: पिशवी हातात घेतली की आधी वर्ष पाहावे. वर्ष नसेल तर विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ती पिशवी, कितीही स्वस्त असो, होती तेथे परत ठेवावी. अशा शंभर पिशव्या परत ठेवल्या गेल्या की दुकानदाराला वर्ष आपोआप छापता येऊ लागेल.