आठ जणांच्या कारखान्यातले आरोग्य

देशातल्या चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. चर्चा झाली ती मुख्यतः पगाराची नवी व्याख्या, ग्रॅच्युइटी आणि कामगार कपातीची. आरोग्याच्या तरतुदींकडे फारसे कुणी पाहिले नाही. बेळगावात मात्र उद्यमबागेतल्या फाउंड्रीपासून वडगावच्या मागापर्यंत आणि खडेबाजारातल्या कापड दुकानापर्यंत कितीतरी कामे पाच-दहा माणसांच्या बळावर चालतात. आपल्या सभासदांत मालक आहेत, कामगार आहेत आणि दोघांची कुटुंबेही आहेत. त्यामुळे या तरतुदी आपण सर्वांनी समजून घ्यायला हव्यात.

‘एम्प्लॉयी वेलनेस’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते मोठ्या कंपनीतले जिम, समुपदेशक आणि २१ जूनचा योगदिन. आठ माणसांच्या वर्कशॉपला यातले काही परवडत नाही, म्हणून विषय तिथेच संपतो. पण म्हणून लहान मालक कामगाराकडे लक्षच देत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामगाराच्या घरी आजारपण आले की मालक उचल देतो, ओळखीच्या डॉक्टरला फोन करतो, वेळ पडली तर रात्री दवाखान्यात जाऊन उभा राहतो. आपुलकी खरी असते. तरीही ती उचल पुढे पगारातून कापली जाते. फिटेपर्यंत कामगाराला दुसरीकडे जाता येत नाही, पगारवाढ मागायला जीभ रेटत नाही. मंदीच्या दिवसांत मालकाकडेच पैसा नसला तर उचलही मिळत नाही. म्हणजे आजारपणाचा भार शेवटी कामगाराच्याच डोक्यावर राहतो.

या प्रश्नावर आपल्या देशात जुना उपाय आहे. १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तीच आजची ईएसआय.

तिचा हिशेब साधा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. पगार १५,००० असेल तर मालकाचे सुमारे ४८८ रुपये आणि कामगाराचे ११३. आठ कामगारांसाठी मालकाला महिन्याला चार हजारांच्या आत खर्च येतो. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. मात्र त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. बाळंतपणात २६ आठवड्यांचा पगार मिळतो. कामावर अपघात होऊन अपंगत्व आले किंवा मृत्यू झाला तर पेन्शनची सोय आहे. उचल आणि ईएसआय यांतला फरक इथे दिसतो: ही रक्कम कामगाराला परत फेडावी लागत नाही.

दहा किंवा अधिक कामगार असतील तर नोंदणी सक्तीची आहे. नव्या संहितेने त्याखालच्यांनाही दार उघडले आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर आठ जणांचे दुकानही स्वेच्छेने योजनेत येऊ शकते. शिवाय धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी योजना लागू करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. कारखाना कायद्यातल्या धोकादायक उद्योगांच्या यादीत फाउंड्रीचे नाव होतेच. त्यामुळे उद्यमबागेतल्या मालकांनी अधिसूचनांकडे लक्ष ठेवलेले बरे.

दुसऱ्या बाजूला सुरक्षेचे जाळे थोडे विरळही झाले आहे. पूर्वी विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले की ती कायद्याने ‘कारखाना’ ठरे. आता हा आकडा २० झाला आहे. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी हे केंद्राने संहितेचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगितले, पण ती संहिताही साधारणपणे १० कामगारांपासून पुढे लागू होते. म्हणजे आठ जणांच्या वर्कशॉपमध्ये काय व्हावे हे बरेचसे मालकाच्या मनावर राहिले आहे.

आणि तिथला धोका लहान नाही. साच्याच्या वाळूतली बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. धूळ ओढणारा पंखा, कोरडे झाडण्याऐवजी पाणी मारून साफसफाई आणि तोंडाला रुमालाऐवजी योग्य मास्क हवा. मागाच्या सततच्या आवाजाने ऐकू येणे हळूहळू कमी होते, तिथे कानात घालायचे बोळे हवेत. साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना एक स्टूल आणि स्वच्छ शौचालय हवे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्यानेच दिला. आपण कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

ईएसआयबद्दलच्या तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. दवाखान्यात रांग, औषधांचा तुटवडा, कागदपत्रांसाठी हेलपाटे. त्या खऱ्या आहेत. पण नोंदणी न करून रांग कमी होत नाही; उलट विमाधारक वाढले तर चांगल्या सेवेची मागणी जोराने करता येते. कामगारांचीही एक शंका असते, की वर्गणी कापली जाते पण पुढे भरली जाते का? विमा क्रमांक हातात असला की ते तपासता येते. मालकाने तो क्रमांक आणि पगाराची पावती स्वतःहून द्यावी, म्हणजे शंकेला जागाच राहत नाही. ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांच्यासाठी गट विम्याचा विचार करावा लागेल.

यात आपल्या मंडळालाही काम आहे. वर्षातून एका रविवारी सभागृहात रक्तदाब, साखर, डोळे, कान आणि छातीची तपासणी ठेवता येईल. लहान मालकांनी आपापले कामगार घेऊन यावे. तपासणीचा निकाल मात्र कामगाराच्याच हातात द्यावा, मालकाच्या नव्हे. नाहीतर आजार कळला की नोकरी जाईल या भीतीने कुणी येणार नाही. सभासदांतल्या एखाद्या करसल्लागाराने त्याच दिवशी ईएसआय नोंदणीसाठी मदत केली तर आणखी उत्तम.

गणेशोत्सवात मालक आणि कामगार एकाच मांडवात आरतीला उभे राहतात. तो जिव्हाळा टिकायचा असेल तर कामगाराला आजारपणात मालकापुढे हात पसरावा लागू नये, एवढी व्यवस्था तरी आपण करायला हवी.