व्हेपचं लिक्विड घरी बनवताय? ‘फूड ग्रेड’ म्हणजे फुफ्फुसासाठी सेफ नव्हे!

नाशिकमध्ये केकच्या सामानाच्या दुकानात द्राक्षाचा इसेन्स सहज मिळतो. तो व्हेपमध्ये टाकून ‘टेस्ट’ करावा का? माझं उत्तर सरळ आहे: नको.

‘फूड ग्रेड’ हा शिक्का पोटासाठी असतो. लोण्याचा स्वाद देणारं डायअसेटिल खाण्यात चालतं. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरीत पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांची फुफ्फुसं त्याच्या वाफेने कायमची निकामी झाल्याचं उघड झालं. पुढे अमेरिकेतच फेब्रुवारी २०२० पर्यंत व्हेपिंगमुळे आजारी पडलेल्या २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ६८ दगावले. मुख्य संशयित होतं लिक्विडमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, जे स्किन क्रीममध्येही असतं. असा धोका चवीवरून कळत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं बंद आहे, निकोटीन नसलं तरीही. पहिल्यांदा बनवताना किंवा विकताना सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी असल्यामुळे चोरून मिळणाऱ्या लिक्विडची तपासणी कुणीच करत नाही. म्हणजे घरच्या मिक्सची लॅब एकच: तुमचं फुफ्फुस.

धाप लागत असेल तर डॉक्टरांना व्हेपचं खरं सांगा. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.