विश्लेषण : डासांवरची फवारणी माशांच्या मुळावर कशी येते?

पावसाळ्यात शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या लहान शहरांतही डेंग्यू, चिकनगुनियाची धास्ती वाढते आणि धूरफवारणीची मागणी होते. मात्र गटारे शेवटी ओढ्या-नदीलाच मिळतात. त्यामुळे कोणते औषध कुठे वापरावे, हा प्रश्न पाण्यातील जिवांचाही आहे.

सर्वाधिक धोका कशाचा?

सायफेनोथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके डासांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. माणसाच्या शरीरात त्यांचे लवकर विघटन होते. माशांमध्ये ही क्षमता फारच कमी असते. कल्ल्यांवाटे ती सहज शोषली जातात. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम एवढी मात्राही अनेक माशांना मारक ठरते.

टेमेफॉस सुरक्षित आहे का?

‘अ‍ॅबेट’ नावाने परिचित असलेले हे अळीनाशक जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पिण्याच्या साठवणीतही लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत वापरता येते. माशांना त्याचा थेट धोका तुलनेने कमी; पण ओढ्यात ते पडल्यास माशांचे खाद्य असलेले जलकीटक मरतात. ‘बीटीआय’ या जिवाणूपासून बनवलेले अळीनाशक माशांसाठी सुरक्षित मानले जाते.

गप्पी मासे सोडणे हा उपाय?

बंदिस्त टाक्या, हौदांपुरता. गप्पी १९०८ मध्ये, तर गॅम्बुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. गॅम्बुसिया देशी माशांची अंडी, पिल्ले खातो; जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

सह्याद्रीत अधिक काळजी का?

येथील काही मासे अगदी मर्यादित क्षेत्रातच आढळतात. आंबोलीतील ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा २०२० मध्ये जगासमोर आला आणि २०२१ मध्ये त्याच्या अधिवासाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एवढ्याशा क्षेत्रातील प्रजातीला पाण्यातील एक चूकही भोवू शकते.

मग करायचे काय?

डेंग्यूचा एडिस डास वाहत्या नदीत नव्हे, तर घरातील बॅरल, कुंड्या, टायर, फ्रिजच्या ट्रेमध्ये वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून भांडी घासून पुसल्यास ही साखळी तुटते. धूर उडत्या डासांना मारतो, अळ्यांना नाही. तो उद्रेकाच्या वेळी, रुग्णाच्या घराभोवती उपयोगी. ओढ्याकाठी फवारलेल्या औषधाने डेंग्यू आटोक्यात येत नाही, मासे मात्र जातात.