राक्षसाचा करारनामा कोण वाचतो?

राक्षसाशी, वेताळाशी किंवा सैतानाशी माणसाने केलेल्या कराराच्या गोष्टी आजही भरपूर लिहिल्या जातात. आपल्याकडे नव्याने लिहू लागलेली मुलं-मुलीही त्या आवडीने लिहितात. या गोष्टींबद्दल एक मत पक्कं होऊन बसलं आहे. असा करार म्हणजे शब्दांचं कोडं. राक्षस बलवान, पण दिल्या शब्दाने बांधलेला. माणूस दुबळा, पण त्याच्यापाशी अक्कल. करारातली फट त्याला सापडली की डाव उलटतो. म्हणून पळवाट हे दुबळ्याचं शस्त्र आहे, आणि लेखकाचं काम म्हणजे ती शिताफीने लपवून शेवटच्या पानावर बाहेर काढणं.

हे मत मला चुकीचं वाटतं. नांदेड-लातूरच्या माणसाने तर ते मुळीच मानू नये. कागदावर अंगठा उठवून जमीन गमावल्याच्या हकिकती इथे कित्येक घरांत आहेत, आणि त्यांतल्या कुणालाही अक्कल कमी पडली म्हणून ती जमीन गेली नव्हती.

पण आधी पूर्वपक्षाचे भक्कम दाखले घेऊ. पहिला दाखला लोककथेतला. भूत मांत्रिकाला म्हणतं, मला सतत काम दे, काम संपलं की तुला खाईन. मांत्रिक अंगणात बांबू रोवतो आणि सांगतो, दुसरं काम मिळेपर्यंत यावर चढ आणि उतर. दुसरा दाखला सावित्रीचा. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असं यम म्हणतो, ती शंभर पुत्र मागते आणि यम अडकतो. तिसरा परदेशी, शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला. कर्ज थकलं म्हणून करारात ठरलेलं कर्जदाराचं पौंडभर मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये, असं पोर्शिया बजावते आणि सावकार शायलॉक हरतो.

सावित्रीपासून सुरुवात करतो, कारण दर वटपौर्णिमेला ही कथा सांगितली जाते आणि दरवेळी तिच्या हुशारीवर येऊन थांबते. महाभारताच्या वनपर्वातला क्रम वेगळा आहे. पहिल्या वरांत सासऱ्याची दृष्टी, त्याचं राज्य आणि वडिलांना पुत्र असं ती मागते. मग स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र मागते. यम तेही देतो, आणि तरीही सत्यवान उठत नाही. ती चालत राहते, धर्माविषयी बोलत राहते. ऐकता ऐकता यम इतका प्रसन्न होतो की पुढचा वर देताना ‘त्याचे प्राण सोडून’ ही अट तो घालतच नाही. सावित्री ते तिथल्या तिथे दाखवून देते आणि उघडपणे नवऱ्याचा जीव मागते. म्हणजे शंभर पुत्रांच्या वराने यम अडकलेला नाही. अट घालणाऱ्यानेच ती काढून घेतली, आणि काढून घ्यावीशी त्याला वाटली ती तिच्या बोलण्यामुळे. यम हा धर्मराज आहे, शब्द मोडण्याची त्याला लाज आहे. ज्याला ती लाज नाही त्याच्यामागे सावित्री सात योजनं चालली असती तरी काय हाती आलं असतं?

बांबूच्या गोष्टीतही हेच गृहीत दडलेलं आहे. भूत शब्दाला जागतं, म्हणून मांत्रिक वाचतो. ‘हे काय काम झालं का?’ एवढं जरी भुताने विचारलं असतं तरी गोष्ट तिथेच संपली असती. पोर्शियाचा दाखला तर पूर्वपक्षाच्या उलटच जातो. ती कायदेपंडिताच्या वेशात येते. न्यायासनावर व्हेनिसचा ड्यूक आहे. शायलॉक परका, ज्यू, आणि परक्याने नागरिकाच्या जिवावर उठू नये असा शहराचा कायदा ऐनवेळी पुढे येतो. शेवटी त्याचं धन जातं आणि धर्मही बदलायला लावतात. फट सापडली ती ज्यांच्या बाजूने कोर्ट होतं त्यांना.

आता आपल्याकडच्या सगळ्यात काटेकोर कराराकडे येऊ. औसा तालुक्यात खरोशाच्या लेण्यांत नरसिंहाचं शिल्प आहे. ज्या कथेतून ते आलं तिच्यात हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवाकडून घेतलेला वर एखाद्या कसलेल्या वकिलाच्या मसुद्यासारखा आहे. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको. एकेक दार तो बंद करत जातो. शेवटी संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर, नखांनी त्याचा अंत होतो. पळवाटीचं उदाहरण म्हणून हीच कथा नेहमी पुढे केली जाते.

ती पळवाट सापडली कुणाला? प्रल्हादाला सापडलेली नाही. त्याने वराचं कलमन्‌कलम तपासलं आणि संध्याकाळची वेळ शोधून काढली असं कथेत कुठेही नाही. तो डोंगरावरून फेकला गेला, आगीत बसवला गेला आणि नाव घेत राहिला. करार हिरण्यकशिपू आणि ब्रह्मदेव यांच्यातला. त्याचा अर्थ लावला तो विष्णूने, आणि विष्णू त्या करारात पक्षकारच नव्हता. उंबरठा घर की बाहेर, तिन्हीसांज दिवस की रात्र, नख शस्त्र आहे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं अडवून धरता येतील अशी आहेत. ती ज्या बाजूने लागली त्या बाजूने लावणारा तिथे खांब फोडून उभा होता. प्रल्हादाचा विजय श्रद्धेचा आहे आणि तो मला मान्य आहे, पण तो शब्दकोड्याचा विजय नाही.

बळीच्या कथेत तर पळवाट राक्षसाच्याच हाताशी आहे. वामन तीन पावलं जमीन मागतो. शुक्राचार्य ओळखतात की हा कोण आहे आणि तीन पावलांत काय जाणार आहे. जिवावर आणि उपजीविकेवर बेतलं असता दिलेला शब्द फिरवण्यात दोष नाही, असा मार्गही ते दाखवतात. बळी तो नाकारतो आणि तिसऱ्या पावलासाठी डोकं पुढे करतो. पाऊल केवढं मोजायचं हे मात्र पाऊल टाकणाऱ्याने ठरवलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ही कथा उलटून बळीच्या बाजूने वाचली. ते वाचन पटो न पटो, कराराच्या गोष्टीत विचारायचा पहिला प्रश्न त्यातून पुढे येतो: माप कुणाच्या हातात होतं? पाडव्याला ओवाळताना इथल्या बाया बळीचं राज्य मागतात. शब्दाला जागून हरलेल्या माणसाची बाजू लोकांनी एवढी वर्षं सोडलेली नाही.

हा प्रश्न पुराणातून गावात यायला वेळ लागत नाही. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मराठी बोलणारा कुणबी ज्या दस्तावर अंगठा उठवत असे तो दस्त त्याला वाचून दाखवला तरच त्याला कळणार, आणि वाचून दाखवणारा बहुतेक वेळा लिहून घेणाऱ्याच्याच ओळखीचा. अशा कागदात फट असली तरी ती शोधणार कोण? पुढे कागद मराठीत आले. गरज कर्जाची असायची आणि कागद व्हायचा कायम खुशखरेदीखताचा. पैसे फेडले की जमीन परत, हे तोंडी ठरलेलं असे. कागदावर मात्र ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने’ विकल्याचं लिहिलेलं असायचं. त्या मजकुराचा कीस काढून कुणाची जमीन परत आलेली मला माहीत नाही. आल्या त्या कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे विचारण्याचा अधिकार कुणाला तरी मिळाला तेव्हा.

याची साक्ष इतिहासातही आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. पुढे गावोगाव हेच झालं. त्यांचा रोख होता खतांवर. कर्जरोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. खतात काय लिहिलं आहे यावर वाद घालत ते बसले नाहीत, कारण तो वाद ज्या कोर्टात घालायचा तिथे खत दाखवलं की हुकूमनामा मिळत होता. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा सगळा इतिहास पहिल्यापासून तपासावा, असं बंधन त्याने न्यायाधीशावर घातलं. रोख्यातला शब्द तोच राहिला. बदललं ते वाचणाऱ्याचं कर्तव्य. (तो कायदा इंग्रजी मुलखाचा. निजामाच्या राज्यातल्या इथल्या कुळाला त्याचा उपयोग नव्हता.) महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही हेच सूत्र आहे. जमीन खरेदीखताने गेली असली, तरी ती कर्जाच्या तारणापोटी गेली होती का, हे जिल्हा निबंधक तपासू शकतो आणि तसं असेल तर ती परत देववू शकतो.

इथे दुसरा पूर्वपक्ष पुढे येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. म्हणतात, करार करणाऱ्याने तो मनाने केला ना? युरोपातल्या दंतकथेतल्या फाउस्टला ज्ञान आणि सुख हवं होतं, म्हणून त्याने सैतानाला रक्ताने सही करून दिली. लोभ केला, फळ भोगलं. राक्षसाच्या कराराची कथा म्हणजे लोभाची शिक्षा.

फाउस्ट विद्वान होता. घरी ग्रंथ होते, पोट भरलेलं होतं. सैतानाला नाही म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपल्या अभ्यासिकेत बसू शकत होता. त्याच्याबाबतीत लोभ हा शब्द चालेल. पण मुखेड-कंधारकडून, जळकोटकडून ऊसतोडीला जाणारं जोडपं घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी ते मुकादमाकडून उचल घेतात. ती लग्नाला, दवाखान्याला किंवा जुनी बाकी भागवायला जाते. पुढचे महिने ऊस तोडून ती फेडायची. आजारपणाने दिवस बुडाला की खाडा. तोडलेल्या उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर आणि हिशोब मुकादमाच्या वहीत. हंगामाअखेर बाकी उरली तर पुढच्या वर्षीच्या गळ्यात. या करारावरही ‘मनाने केला’ असंच म्हणता येतं. पण नाही म्हटल्यावर ज्याला परत जायला जागा आहे त्याचा होकार आणि ज्याला नाही त्याचा होकार एकाच तराजूत घालणं हा अन्याय आहे. कथेत तो घडतो तेव्हा वाचकालाही तीच सवय लागते. मग खऱ्या आयुष्यातही तो कर्जदाराला विचारतो, ‘सही करायच्या आधी विचार का नाही केलास?’

‘तुम्ही कल्पित कथेवर शेतीच्या कर्जाचं ओझं लादता’, हा आक्षेप मी ऐकला आहे. ओझं मी लादत नाही. करार, मुदत, साक्षीदार, तारण, वसुली हे सगळं ही कथा व्यवहारातूनच घेते. घेताना व्यवहारातली सत्ता तेवढी गाळून टाकायची, हा लेखकाने केलेला पक्षपात आहे.

मग चांगली कथा कशी असते? वेताळ पंचविशी पाहा. राजा दोन अटींमध्ये सापडला आहे. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. फट कुठेच नाही, आणि राजा ती शोधतही नाही. तो बोलतो, परत जातो, पुन्हा प्रेत खांद्यावर घेतो. शेवटच्या कोड्याला त्याच्यापाशी खरोखरच उत्तर नसतं, म्हणून तो गप्प राहतो. तोवर एवढ्या गोष्टी सांगून झालेल्या असतात की वेताळच त्याच्या बाजूला आलेला असतो आणि ज्या योग्यासाठी राजा प्रेत नेतो आहे त्याचा कट त्याला सांगतो. सत्ता इथे हळूहळू, सोबतीने चालताना सरकते. शब्दाच्या कसरतीपेक्षा हे लिहिणं फार कठीण आहे.

दुसरा नमुना लोहा तालुक्यात माळेगावला आहे, मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाची यात्रा भरते तिथे. मणी आणि मल्ल हे ब्रह्मदेवाच्या वराने माजलेले दैत्य. मणी हरल्यावर शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाच्या ठाण्यात जागा मागून घेतो. मल्लाच्या हकिकती दोन आहेत. एकीत तो शेवटच्या क्षणीही माणसांचा नाश मागतो आणि त्याचं शिर देवळाच्या पायरीला जातं, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवण्यासाठी. दुसरीत तो देवाच्या नावाआधी आपलं नाव मागतो आणि मल्हारी हे नाव होतं. हरलेल्यालाही काहीतरी मागता येतं, आणि त्याने काय मागितलं हे पुढे सांगणाऱ्यांवर अवलंबून राहतं. त्या दोन हकिकतींमधल्या जागेत एक अख्खी कादंबरी मावेल.

तिसरा नमुना कथेतला नाही. माहूरच्या गडावर बाई रेणुकेला नवस बोलते. अट ती घालते, तिच्या बोलीत. आधी देवीने द्यायचं, मग हिने फेडायचं. खणानारळाची ओटी भरायची की आणखी काही, हे तीच आधी ठरवते. फेड झाली की नाही हे तिचं तिला कळतं, वही कुणाकडे नसते. नवसातही धाक असतो, राहून गेलेल्या नवसाची भीती पिढ्यांना पुरते, हे मी नाकारत नाही. पण अट घालणं, आधी घेणं, माप ठरवणं आणि हिशोब पुरा झाला असं म्हणणं, हे चारही हक्क इथे दुबळ्या बाजूकडे आहेत. राक्षसाच्या करारात ते एकेक करून कसे काढून घेतले जातात, पहिला कोणता जातो, आणि तो जाताना घरातल्या कुणाच्या लक्षात येतं, इथून लिहायला बसावं. कलमं नंतर लिहिता येतील.