एका तारखेची किंमत

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलचा दंड मुकाट्याने न भरता न्यायालयापुढे त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक नागरिकास दिलेला आहे. परंतु जे हक्क बजावण्यापेक्षा सोडून देणे स्वस्त पडते, त्यांच्या यादीत या हक्काचे स्थान बरेच वरचे असावे, असे आमच्या एका स्नेह्यांच्या अनुभवावरून वाटू लागले आहे. हे गृहस्थ मोटार इतक्या सबुरीने हाकतात की, घाटात मागून येणारे मालमोटारवाले भोंगा वाजवून वाजवून थकतात. त्यांच्या भ्रमणध्वनीवर एके दिवशी ई-चलन अवतरले: मोटारीची पाठ, क्रमांकाची पाटी, खाली त्यांनी उभ्या जन्मात न गाठलेला वेग आणि त्याखाली दोन हजार रुपयांचा आकडा.

वस्तुतः या बाबतीत कायदा आरोपीच्या हिताविषयी पुरेसा दक्ष आहे. एका साक्षीदाराच्या केवळ नजरेच्या अंदाजावरून कोणासही अतिवेगाबद्दल दोषी धरू नये, त्या अंदाजास यंत्राच्या मोजणीचा आधार हवा, असे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८३ बजावते. आणि त्या यंत्राचीही खातरजमा व्हावी म्हणून २०२१ साली आलेला नियम १६७-अ सांगतो की, यंत्रास दरसाल नूतनीकरण होणारे मान्यतापत्र असावे, टेहळणीच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावा आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत निघावी. दुर्दैव एवढेच की, आमच्या स्नेह्यांनी हे सारे वाचले, आणि त्याहून मोठे दुर्दैव म्हणजे त्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या तारखेस न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेस चलनाचे कागद दप्तरी आलेले नव्हते. आणि तिसऱ्या तारखेस पट्टेवाल्याने नावाचा पुकारा केला तेव्हा स्नेही वकीलपत्रावर लावावयाचे तिकीट आणण्यासाठी आवाराबाहेरच्या टपरीसमोर सुट्ट्या पैशांची वाट पाहत उभे होते. तीन दिवसांची रजा, पेट्रोल आणि वकीलसाहेबांचा मेहनताना यांची बेरीज दंडाच्या रकमेस केव्हाच मागे टाकून गेली होती. ज्याच्या जबानीवर हा सारा कज्जा उभा, ते यंत्र मात्र एकाही तारखेस हजर नव्हते, आणि त्याच्या मान्यतापत्राची नक्कलही कोणी हजर केली नव्हती.

रस्त्याच्या कडेला हवालदाराशी चालणाऱ्या घासाघिशीपेक्षा यंत्राची निर्विकार नजर शतपटीने बरी, आणि भरधाव वाहनांनी घेतलेले बळी पाहता दंड कठोरच हवा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या चलनामागे यंत्राचे चालू मान्यतापत्र नाही, ते पहिल्याच तारखेस फेटाळले जावे. त्यासाठी नवा कायदा नको, असलेला वाचला तरी पुरे. ते होत नाही तोवर वाट उरते ती लोक अदालतीची. तेथे तडजोड होते, निवाड्यावर अपील चालत नाही आणि दंडात सूट मिळालीच, तर ती खरोखर सुसाट गेलेल्यास व मुळीच न गेलेल्यास सारख्याच औदार्याने मिळते.

आमच्या स्नेह्यांना तेवढाही धीर उरला नव्हता. चौथी तारीख पडताच त्यांनी न्यायालयाच्या पायरीवर बसूनच भ्रमणध्वनीवरून पुरे दोन हजार भरून टाकले. रक्कम पावल्याची पोच ते पायरीवरून उठण्याच्या आत आली. या सबंध प्रकरणात वेगमर्यादा ओलांडली गेल्याचा निर्विवाद पुरावा म्हणून ती त्यांनी जपून ठेवली आहे.