बिनतेलाचे काप

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरांतून निघाली असावी, असें आम्हांस पुष्कळदां वाटतें. उपवासाच्या दिवशीं तळणाची कढई एकदां चढली कीं उतरत नाहीं. आणि ज्या वडील माणसास डॉक्टरांनीं तळलेलें वर्ज्य सांगितलें आहे, तें बिचारें इतरांच्या पानांकडे पाहत बसतें. गेल्या आषाढींत आमच्याच घरीं हा प्रसंग आला. बाहेर पावसाची झड, सदनिकेस गच्ची नाहीं, म्हणजे वाळवणाचें नांवच नको. तेव्हां मायक्रोवेव्ह भट्टींत बटाट्याचे काप करून पाहावेत, असें आम्हीं ठरविलें.

आरंभींच एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. या भट्टींतील ‘किरण’ अन्नांत शिरून राहतात, अशी समजूत अद्याप कित्येक घरांत आहे. ती निराधार होय. १९४५ सालीं अमेरिकेंत रडारच्या यंत्रावर काम करीत असतां पर्सी स्पेन्सर यांच्या खिशांतील चॉकोलेट वितळलें, आणि त्यांतून या भट्टीची कल्पना निघाली. तिच्या लहरी मुख्यत्वें पदार्थांतील पाणी तापवितात. बटण बंद होतांच लहरीही बंद होतात, मागें उरते ती केवळ उष्णता. बटाट्यांत शेंकडा ८० च्या सुमारास पाणीच असतें. तें वाफ होऊन निघून गेलें कीं काप कुरकुरीत झाला, एवढेंच यांतील शास्त्र.

आतां कृति. एक मध्यम बटाटा सोलून त्याचे किसणीवर एक ते दीड मिलिमीटर जाडीचे काप पाडावेत. जाडी सर्वत्र सारखी असणें हेंच यांतील मर्म; नाहीं तर एक काप जळतो व दुसरा वातड राहतो. काप थंड पाण्यांत पंधरा मिनिटें ठेवून, पाणी निवळ येईपर्यंत धुवावेत, म्हणजे वरची पिठी निघून ते एकमेकांस चिकटत नाहींत. मग स्वच्छ पंचावर पसरून अगदीं कोरडे करावेत. पसरट कांचेच्या ताटलीस तेलाचें बोट पुसून काप एकेरी, सुटे मांडावेत. सोनेरी कांठाची ताटली मात्र घेऊं नये. आमच्या ८०० वॅटच्या भट्टींत तीन मिनिटें, उलटून आणखी दोन, व पुढें अर्ध्या अर्ध्या मिनिटानें पाहत जावें. काप फिकट पिवळा असतांनाच काढावा. खरा कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. वरून चिमूटभर सैंधव पुरे.

कच्च्या केळ्याचे काप ताक घातलेल्या पाण्यांत सोडावेत, म्हणजे काळे पडत नाहींत. बीटास वेळ अधिक लागतो. सफरचंदाच्या कापांस लिंबाचें पाणी लावून अर्ध्या शक्तीवर सावकाश वाळवावें. त्यांत साखर असल्यामुळें तें क्षणांत करपतें.

येथें आमची चूक सांगणें प्राप्त आहे. दुसरा घाणा लावून आम्ही दाराशीं कोण आलें तें पाहण्यास गेलों, आणि परतलों तों भट्टीभर धूर! पाणी संपल्यावर काप पेटण्यास वेळ लागत नाहीं. अशा वेळीं दार उघडूं नये. बटण बंद करून विजेची पिन काढावी व आंतील जाळ विझूं द्यावा. भट्टीसमोरून हलूं नये, हा धडा आम्ही एका ताटलीच्या मोलानें शिकलों.

तेल नाहीं म्हणून हवे तितके खावेत, असें मात्र नव्हे. विकतच्या वेफर्समध्यें वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा तेल असतें, तें येथें टळलें हें खरें. परंतु बटाट्यांतील पिष्ट जसेंच्या तसें राहतें, हें मधुमेही माणसानें विसरूं नये. शिवाय बटाटा फार तापून तांबूस झाला कीं त्यांत अक्रिलामाइड नांवाचें अनिष्ट द्रव्य तयार होतें, हें २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. म्हणून फिकट रंगावरच थांबावें, व काप करावयाचे बटाटे शीतकपाटांत ठेवूं नयेत. थंडीनें त्यांतील साखर वाढते व ते लवकर तांबूस होतात.

सोवळ्यांतील कोणी विचारील कीं, उपवासास हें नवें यंत्र चालेल काय? त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, बटाटा हें नांवसुद्धां आपण पोर्तुगीजांकडून घेतलें, आणि तरीही तो आपल्या फराळांत मानानें बसला आहे. तळलेल्या कापांची खुमारी या कापांस येत नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. आणि १०० ग्रॅम बटाट्यांतून जेमतेम मूठभरच हातीं लागतात. पण त्या एकादशीस घरांतील वडील माणसाच्या पानांत ती मूठ पडली, आणि तें माणूस प्रथमच दुसऱ्याच्या पानाकडे न पाहतां जेवलें. तळणाच्या पंक्तीस त्यांना दूर बसविण्यापेक्षां आपला दहा मिनिटांचा पहारा आम्हांस स्वस्त वाटतो.