डिस्चार्ज झाला, आता आंबा घाट

पित्ताशय दुर्बिणीतून काढायला साधारण तासभर लागतो. कोल्हापूरहून रत्नागिरीला यायला एसटीला जवळजवळ चार तास लागतात. त्या तासाभरासाठी सर्जन, भूलतज्ज्ञ, मॉनिटर, सह्या घेतलेली संमतीपत्रं असा सगळा जामानिमा असतो. पुढच्या चार तासांसाठी असतो एक नातेवाईक, एक कापडी पिशवी आणि मिळालीच तर खिडकीजवळची जागा.

जुन्या काळी ही अडचण नव्हती, कारण रुग्ण घरी यायचाच मुळी उशिरा. 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं, तेव्हा तो रुग्ण सुमारे सहा आठवडे इस्पितळात होता. शंभर वर्षांनी, 1985 मध्ये, जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढलं. भारतात हे तंत्र आणलं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले सर्जन डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी, 1990 साली. सरकारी रुग्णालयात, साध्या रुग्णांवर. पोटावरची लांबलचक चीर गेली आणि तिच्या जागी तीन-चार बारीक छिद्रं आली. मुक्काम आठवड्यावरून एक-दोन रात्रींवर आला. रोजगार बुडणाऱ्या माणसासाठी याचं मोल किती, ते वेगळं सांगायला नको. उदवाडिया 2023 च्या जानेवारीत गेले. तोपर्यंत हे ऑपरेशन तालुक्याच्या गावी पोचलेलं होतं.

पण या बदलाची एक बाजू कुणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. पूर्वी बरं होणं वॉर्डात व्हायचं, नर्सच्या नजरेखाली. आता ते रस्त्यावर आणि घरी होतं. मुक्काम कमी झाला, घाट मात्र होता तेवढाच आहे.

रत्नागिरीत रुग्णालयं नाहीत असं नाही. जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तरीही पोटाचं ऑपरेशन म्हटलं की अनेक घरांत पहिलं वाक्य ठरलेलं: "कोल्हापूरला दाखवूया" किंवा "मुंबईला भाऊ आहे, राहायची सोय होईल." सोय होतेही. परत येतानाचा विचार मात्र जाताना कुणाच्या डोक्यात नसतो.

मलकापूर मागे पडलं, आंबा आलं की गाडी घाट उतरायला लागते. वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला की पुढच्या सीटची दांडी धरावी लागते. दांडी धरली की पोट आवळतं, आणि टाके नेमके तिथेच. मागच्या चाकावरची जागा मिळाली असेल तर प्रत्येक खड्डा बेंबीत कळतो. ज्यांना एरवीही गाडी लागते त्यांचे हाल याहून वाईट, कारण उलटीच्या उमाळ्याने ताज्या जखमांवर येणारा ताण खड्ड्यापेक्षा मोठा. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी, एवढं साधं वाक्य डिस्चार्ज कार्डावर सहसा नसतं. उशी पोटाशी धरून बसलं तर धक्के आणि खोकला दोन्ही सुसह्य होतात. ही गोष्ट बहुतेकांना शेजारच्या कॉटवरची बाई सांगते, कार्ड सांगत नाही.

त्यातच खांदा दुखायला लागतो. ऑपरेशन पोटाचं आणि कळ उजव्या खांद्यात, म्हणून माणूस घाबरतो. कारण साधं आहे. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो काढला तरी थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला चाळवतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून जात असल्याने दुखणं खांद्यावर उमटतं. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं, थोडं चाललं की बरंही वाटतं. चालणं दुसऱ्याही कारणासाठी हवं: ऑपरेशननंतर तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पण घाटात एसटी मध्येच थांबवून "जरा चालून येतो" असं कंडक्टरला सांगायची हिंमत किती जणांत असेल?

एसटीच्या सीटांवरच्या पाट्या जरा वाचून पाहाव्यात. आमदार, खासदार, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार, दिव्यांग, महिला, ज्येष्ठ नागरिक. आमदारसाहेब लाल गाडीने शेवटचे कधी गेले, हे त्या सीटलाच माहीत. पण काल पोटाला टाके पडलेल्या माणसाच्या नावाची पाटी काही दिसत नाही. सवलती आहेत, चांगल्या आहेत: 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. या प्रवासात भाड्याइतकीच जागेचीही अडचण असते. रेल्वेतही तेच. खालचा बर्थ देताना वय पाहतात. चाळिशीतला पुरुष नुकतंच ऑपरेशन करून मुंबईहून निघाला आणि वरचा बर्थ आला, तर समोरच्या प्रवाशाला शर्ट वर करून पट्ट्या दाखवण्यावाचून गत्यंतर नाही. तरी घाटाच्या एसटीपेक्षा कोकण रेल्वे बरी. उठून डब्यात चालता येतं, संडास हाताशी असतो. पावसाळ्यात मात्र गाड्या सावकाश धावतात, वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा हिशेब तासा-दोन तासांनी वाढवून धरायचा. आणि घाटाचा तर भरवसाच नाही: 2021 च्या जुलैत आंबा घाटात रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती.

स्टँडवर उतरलं म्हणजे घर आलं, असंही नाही. पुढे रिक्षा, नाहीतर पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून वाडीपर्यंत, आणि मग जांभ्या दगडाची पाखाडी. डॉक्टरांनी "जिने हळूहळू चढा" म्हटलेलं असतं. त्यांच्या डोळ्यांपुढे कठडा असलेला फ्लॅटचा जिना असतो. इथे शेवाळलेल्या, कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या. "जड उचलू नका" म्हणजे किती, हेही कुणी सांगत नाही. भरलेली कळशी जड की नाही? घरातल्या बाईच्या लेखी ती जड नसतेच. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवर दिसते, कारण बाहेरून चार पट्ट्यांपलीकडे काही दिसत नाही आणि घरच्यांना ती "बरी झालेली" वाटते.

खाण्याच्या बाबतीत तर भाषाच घोटाळा करते. मराठीत आंबट ढेकर म्हणजे पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं चढलं की पित्त. त्यामुळे पित्ताची पिशवीच काढली म्हणजे आता सगळी पित्तं गेली, अशी पुष्कळांची समजूत होते. यकृत पित्त करतच राहतं. फक्त साठवण्याची पिशवी नसल्याने ते थेट आतड्यात झिरपतं. म्हणून काहींना सुरुवातीला तेलकट खाल्लं की जुलाब होतात. गांधींवर आमसुलाचं पाणी चोळायचं ते खुशाल चोळावं, त्याचा पित्ताशयाशी संबंध नाही. छापील कागदावर "तेल-तूप कमी" असतं आणि कोकणातला माणूस ते इमानाने पाळतो. फक्त ओल्या नारळाच्या वाटणातही चरबीच असते, हे त्या कागदावर नसतं. पहिले काही दिवस पेज, मऊभात, पातळ वरण. मग थोडं थोडं करत नेहमीचं जेवण. बहुतेकांना जन्मभराचं पथ्य लागत नाही.

खरा धोका याहून वेगळा आहे. ऑपरेशननंतर पित्त गळत असेल किंवा पित्तनलिकेत एखादा खडा राहिला असेल, तर त्याची लक्षणं बऱ्याचदा घरी आल्यावर दिसतात: ताप, वाढत जाणारी पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौचाचा रंग पांढुरका होणं. असं क्वचितच होतं. पण ज्याला होतं तो त्या वेळी सर्जनपासून घाटाइतका दूर असतो. गावात मग "प्रवासाचा शीण असेल" म्हणून दोन दिवस जातात.

यावर तोडगा काढायला नवं काही शोधायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकवेळचं भाडं धरलेलं आहे. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांत गुंतागुंत झाली तर तिचे उपचारही त्यात येतात. म्हणजे घरचा प्रवास हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारने कागदावर कधीच मान्य केलंय. सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईला बाळासह घरी सोडायला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून मोफत गाडी मिळते. तत्त्व जुनंच, ते फक्त सर्जरी वॉर्डापर्यंत आलेलं नाही. 108 ची गाडी तातडीच्या वेळेसाठी, ती घरी सोडायला मिळत नाही, आणि मिळूही नये.

तेव्हा मागणी छोटी आहे. एसटीने प्रत्येक गाडीत पुढची एक जागा डिस्चार्ज कार्ड दाखवणाऱ्या रुग्णासाठी ठेवावी; आमदारांच्या सीटचा सध्या तसाही काही उपयोग होत नाही. रुग्णालयांनी कार्डावर दोन रकाने वाढवावेत: घर कुठे, आणि जाणार कशाने. ज्याचं उत्तर "घाट, एसटी, मग पाखाडी" असेल त्याला एक रात्र जास्त ठेवावं. खाटा कमी आहेत, डॉक्टर थकलेले आहेत, हे खरं. पण एका रात्रीची खाट ही परत भरती करण्यापेक्षा स्वस्तच पडते.

तोवर ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय त्यांनी निघण्याआधी रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर मागून घ्यावा. ऑपरेशन फुले योजनेतून झालं असेल तर रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठून प्रवासभाडं विचारावं, आणि ते दहा दिवस कोणत्या तारखेला संपतात ते त्याच्याकडून कार्डावर लिहून घ्यावं.